खोकल्याचे पाच मार्क

सगळ्यात आधी आलं ते एक कपाळ. नुसतं कपाळ हो विहीणबाई, भुवयांच्या वरचं, आणि त्याच्या मागे भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. मी नातीला विचारलं, ह्या मुलाला खालचं तोंड नाही का, तर म्हणाली, आजी, तो फोन उशीला टेकवून बसतो, आणि तू आता बोलू नकोस, आवाज जातो. (आवाज जातो म्हणजे आपला तिकडे जातो की आपला बंद पडतो, ह्याचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही. दोन्ही वेळा ती हेच म्हणते.) कपाळामागून मांजरवाली मुलगी आली, मांडीवर मांजर घेऊन. मग एकदम बाकीचे चोवीस जण धडाधड आले, प्रत्येक जण आपापल्या चौकोनात, कबुतरांच्या खुराड्यात कबुतरं बसावीत तसे. चार वाजायला दोन मिनिटं असताना कातरसाहेब आले, म्हणजे तिचे सर्जरीचे सर, आणि त्यांच्या शेजारी बाहेरून बोलावलेल्या परीक्षक बाई. शेजारी म्हणजे चौकोनात शेजारी, तशी दोघं दोन गावांत होती म्हणे. आणि मी होते आमच्या जेवणाच्या टेबलावर उताणी, डोक्याखाली उशी, गळ्यापर्यंत शाल, पायांवर चादर, मधलं पोट तेवढं उघडं, आणि वर शिडीला बांधलेला नातीचा फोन. अठ्ठावीस माणसं घरात आली आणि एकालाही मी पाणी विचारू शकले नाही. माझ्या जन्मात असं कधी झालं नव्हतं.

बघा, नमस्कार राहिलाच. विहीणबाई, मनापासून नमस्कार. तुम्ही वयाने माझ्याहून दीड वर्षाने मोठ्या (तुम्ही धाकट्या म्हणता, ते असो) आणि मानाने मुलाकडच्या, तेव्हा आधी तुमची चौकशी आणि मग माझं पुराण असायला हवं होतं. गुडघे कसे आहेत? ब्लडप्रेशरची गोळी सकाळची सकाळीच घेता ना, की संध्याकाळी दोन एकदम? मागच्या खोलीत दार लावून बसायचं म्हणजे शिक्षाच, पण लेक-जावई रोज कामावर जातात, दहा जणांत मिसळून येतात, तेव्हा दार लावलेलंच बरं. आणि म्हणूनच नात माझ्याकडे राहिली. तुम्ही त्याचा राग धरला आहे असं दूधवाल्याकडून कळलं. (तो म्हणाला, त्या काहीच बोलल्या नाहीत. तुम्ही काहीच बोलला नाहीत म्हणजे राग आलाच.) अहो, तिचं वसतिगृह एका दिवसात रिकामं करायला लावलं. पोरगी एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात हाडांची पिशवी घेऊन दारात उभी. (हाडं प्लॅस्टिकची आहेत. मी आधी विचारून घेतलं, मगच आत घेतलं.) तुमच्याकडे ठेवलं असतं तरी माझी ना नव्हती, पण तुमचं टेबल गोल आहे. गोल टेबलावर माणूस झोपत नाही. एवढाच काय तो प्रश्न होता.

फोन न करता पत्र लिहितेय ह्याचं नवल वाटेल. मला हळू बोलता येत नाही, हे तुम्हाला लग्न ठरल्यापासून ठाऊक आहे, आणि ह्यातलं बरंचसं नातीच्या कानावर जायला नको. दूधवाल्याकडे बंद पाकीट देतेय. तासभर उन्हात ठेवा आणि मगच उघडा, नाहीतर निदान हात धुऊन वाचा.

तर मूळ गोष्ट अशी. नातीचं हे शेवटचं वर्ष, आणि तिला सर्जनच व्हायचंय, दुसरं काही नाही. ही साथ आल्यापासून शिकणाऱ्या मुलांना दवाखान्याचं दार बंद. मग ऑपरेशन शिकायचं कसं, तर फोनवर. मी म्हटलं, फोनवर पोहायला तरी शिकता येईल का? तर म्हणाली, आजी, सगळं जग असंच शिकतंय आता. असेल बाई. सकाळी दहाला ती फोनसमोर बसते, समोर कुणाचं तरी पोट उघडलेलं असतं आणि ही एका हाताने बिस्किट खात असते. दुपारी गाठी मारायचा सराव. दोरा एका हाताने असा फिरवायचा, तसा ओढायचा, आणि गाठ बसली पाहिजे पण ताणली जाता कामा नये. त्यासाठी काहीतरी पक्कं धरून बांधावं लागतं, म्हणून तिने घरातल्या एकूण एक कडीला आणि मुठीला गाठी मारल्यात. कपड्यांचं कपाट, भांड्यांचं कपाट, बाथरूमचं दार. परवा सकाळी मी पातेली काढायला गेले तर मुठीला मिशा फुटल्यासारखे चाळीस दोरे लोंबत होते, आणि दोन मुठी एकमेकींना बांधलेल्या. कपाट उघडेना. तिला उठवलं तर झोपेतच म्हणाली, कापू नकोस, मोजायच्यात.

तिचा जीव टांगणीला लागलाय तो एकाच गोष्टीपायी. दवाखाना उघडला की पहिल्या दहा मुलांनाच ऑपरेशनच्या खोलीत उभं राहू देणार. खोलीत गर्दी चालत नाही ना आता. बाकीच्यांनी आणखी सहा महिने फोनवरच बघायचं. ती यादी ह्या परीक्षेवर ठरणार. त्या खोलीचं नाव काढलं की पोरीचे डोळे असे होतात, आपल्या वेळच्या मुलींचे माहेरच्या नावाने व्हायचे तसे.

आता कातरसाहेबांची आणि माझी ओळख कशी झाली ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई टेबलावर चढलीच कशाला. कातर हे त्यांचं खरं नाव नव्हे, मुलांनी ठेवलंय, कारण समोरच्याचं बोलणं ते अर्ध्यात कापतात. आपली पोर म्हणते, सरांसमोर तिने अजून एक वाक्य पूर्ण केलेलं नाही. तर एका मंगळवारी साहेब शिकवायला बसले आणि आवाजच नाही. तोंड हलतंय, हात हलताहेत, मध्येच चिमटा उचलून डोळे मोठे करताहेत, आणि सगळी मुलं खाली मान घालून भराभर लिहिताहेत. मी नातीच्या मागे उभं राहून बराच वेळ बघितलं. मला वाटलं, ऑपरेशन करताना तोंडाला फडकं असतं, म्हणून खुणांनीच शिकवत असतील. मग तिच्या वहीत डोकावले तर तिने झाड काढलं होतं. झाडावर पक्षी. विचारलं तर कुजबुजून म्हणाली, सरांचा आवाज सरांकडूनच बंद आहे, चाळीस मिनिटं झाली, आणि मध्येच बोलायची कुणाची छाती नाही.

मला राहवेना. एवढा माणूस घसा फोडून सांगतोय आणि कुणी त्याला सांगू नये? मी नातीच्या खांद्यावरून पुढे झाले आणि दोन्ही कान धरून मान हलवली. साहेबांना वाटलं मी कसली तरी माफी मागतेय. त्यांनी हात वर करून असू दे असू दे केलं आणि पुन्हा शिकवायला लागले. मग मी तिचा जाड पेन घेतला, कालच्या पाकिटाच्या पाठीवर मोठ्ठ्या अक्षरात “आवाज नाही” असं लिहिलं आणि फोनच्या तोंडाशी धरलं. साहेब थांबले. इकडे तिकडे बोटं फिरवली. आणि एकदम घरभर आवाज आला, “ह्या कोण?”

“आजी आहे सर.”

“आवाज कधीपासून नाही?”

“सुरुवातीपा—”

“सत्तावीस जण!” साहेब म्हणाले. “उद्या पेशंट टेबलावर असताना माझी चूक दिसली तरी असेच झाडं काढत बसाल?” (आता त्यांना झाड कसं दिसलं? म्हणजे तिकडून वही दिसते. मी तेव्हापासून फोनसमोरून जाताना केस नीट करते.) मग माझ्याकडे वळून म्हणाले, “आजी, तुम्ही दर मंगळवारी येत चला.” मी म्हटलं, येईन की, घरातच असते.

असा माझा प्रवेश झाला बघा. पुढच्याच आठवड्यात पोट तपासायचा धडा निघाला, आणि ज्यांच्या त्यांच्या घरात जो मिळेल तो पेशंट घ्यायचा असं ठरलं. कुणी भाऊ घेतला, कुणी वडील. कपाळाच्या घरी कुणीच नाही, तो स्वतःचंच पोट तपासतो. मी आपणहून हात वर केला. नव्या चादरींसाठी राखून ठेवलेला साबण फिरवून टेबल पुसलं, केस विंचरले, आणि आडवी झाले. ह्या तीन आठवड्यांत चारदा तपासलं तिने मला, आणि तुम्हाला सांगते, पोरीचा हात फार चांगला आहे. आधी हातावर हात चोळून गरम करते. दुखतं का विचारताना पोटाकडे बघत नाही, तोंडाकडे बघते. मग बोटावर बोट ठेवून टकटक वाजवते, कलिंगड बघावं तसं. मला इतकं कौतुक वाटलं, की दोनदा तर झोपच लागली.

आता तो कागद. तपासायच्या एकोणीस पायऱ्या त्यावर छापल्यात आणि प्रत्येकीपुढे मार्क. सतरावी पायरी आहे, पेशंटला जोरात खोकायला सांगणे व पोटावर हात ठेवून बघणे, मार्क पाच. आणि विहीणबाई, इथेच सगळा घोळ.

आमच्या इमारतीत खोकायची सोय नाही. वरच्या मजल्यावरच्या शिंप्याला कापडाच्या धुळीने ठसका लागला, तर संध्याकाळपर्यंत आरोग्य खात्याची माणसं हजर. दारावर कागद चिकटवला, घरातली पाचही जणं चौदा दिवस आत. कळवलं कुणी, तर समोरच्या खिडकीवालीने. ती दिवसभर खिडकीत असते, कान आमच्याकडे लावून. तेव्हापासून मी खोकलेच नाही. तीन महिने. तळणाचा धूर घशात गेला तरी नाही. घसा खवखवला की आधी पाण्याचा घोट, मग नाक दाबून दहा मोजायचे, अगदीच अनावर झालं तर बाथरूममध्ये दोन्ही नळ सोडून उशीत तोंड खुपसायचं. खोकला गिळण्याची परीक्षा असती तर मी पहिल्या दहांत नाही, पहिली आले असते.

म्हणून सरावाच्या वेळी नातीने खोक म्हटलं की मी घशातल्या घशात खिक् करायची. तिलाही खिडकीवालीचा धाक, तीही म्हणायची, बरं बरं, झालं. आणि वहीत लिहायची, खोकल्यावर काही आढळले नाही. चारही वेळा तेच. त्या वहीचे फोटो परीक्षेआधी परीक्षक बाईंकडे गेले.

आता तुम्हाला खरं सांगते, कारण लिहिताना तुमचं तोंड दिसत नाही. खोकला गिळायला खिडकीवाली हे अर्धंच कारण. उरलेलं अर्धं कारण माझ्या बेंबीच्या जरा वर आहे. लिंबाएवढं. बावीस वर्षं हॉटेलच्या धुलाईखान्यात ओल्या चादरींचे गठ्ठे उचलले, त्यात कधी आलं ते कळलंही नाही. आडवी झाले की आत जातं, उभी राहिले की डोकावतं, आणि शिंकले, खोकले, जोरात हसले की टुणकन बाहेर. रुंद पट्टा लावते त्यावर. तुमच्या सुनेला, म्हणजे माझ्या लेकीला, ठाऊक नाही. लपवण्यासारखं काही नव्हतं हो, आणि मला भीती-बीती तर मुळीच नाही, वेळच मिळाला नाही सांगायला. सोळा वर्षांत.

म्हणजे बघा, मी पट्टा काढून उशीखाली सारायची, आडवी व्हायची, लिंबू आत जायचं, मी मान उचलायची नाही, खोकायचं नाही, आणि पोर बिचारी निरोगी पोटावर शिकत राहायची. मला वाटायचं, एक पेशंट म्हणून मी तिला किती सोपी जातेय.

परीक्षेच्या दिवशी सोळा पायऱ्या फुलासारख्या झाल्या. साहेबांनी एकदाही तोडलं नाही, परीक्षक बाई मान हलवत होत्या. खिडकी उघडीच होती, कारण ती लावली की फोनवरची माणसं गोठतात, तोंड उघडं तर उघडंच. मग सतरावी. नातीने पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, आजी, खोका. (परीक्षेत ती मला अहोजाहो करते.) मी खिक् केलं.

“हा खोकला नाही,” साहेब म्हणाले.

मी जरा मोठं खिक् केलं.

“हा नकार आहे,” साहेब म्हणाले.

परीक्षक बाईंनी पेन उचलला. त्यांनी काही लिहिलं नाही, नुसता उचलला. नात माझ्यावर वाकली. खालून तिचं तोंड उलटं दिसत होतं, कपाळावर घामाचे थेंब, आणि ओठ न हलवता म्हणाली, “आजी, एकदाच खोक गं. पाच मार्क आहेत. पाच गेले तर मी अकरावी.” आणि तिचा हात, सकाळपासून चोळून चोळून गरम केलेला, तो बर्फासारखा गार पडला होता.

मी काय करावं सांगा. खोकले तर लिंबू बाहेर, आणि वहीत तर लिहिलेलं, काही नाही. म्हणजे पोर खोटी ठरते. नाही खोकले तर पाच मार्क गेले, म्हणजे ती खोली गेली. समोर खिडकीवाली. वर फोन. माझ्या डोक्यात असा गोंधळ झाला की विचारूच नका, आणि मला वाटतं मी विचार असा काही केलाच नाही. तो गार हात पोटावर होता ना, तो मला बघवेना. मी खोकले.

विहीणबाई, तीन महिन्यांचा साठवलेला खोकला होता तो. एक काढायला गेले आणि मागून सगळे आले. शिडी हलली. समोरची खिडकी धाडकन लागली. मांजर उडी मारून चौकोनाबाहेर गेलं. कपाळाचा फोन उशीवरून घसरला आणि मला पहिल्यांदाच त्या मुलाचं सबंध तोंड दिसलं, चांगला दिसतो की, मिशी आहे. आणि लिंबू टुणकन नातीच्या तळहातात.

मग कुणीच बोलेना. मला वाटलं आवाज गेला. परीक्षक बाई म्हणाल्या, हाताला काय लागलं ते सांगा. नातीने आधी माझ्याकडे बघितलं. तसं माझ्याकडे आयुष्यात कुणी बघितलेलं नाही, तुमच्या व्याह्यांनीसुद्धा नाही. मग तिने सांगायला सुरुवात केली, केवढं आहे, कुठे आहे, दाबल्यावर आत जातं, रंग कसा, दुखतं की नाही. एकही गोष्ट सुटली नाही. त्याला हर्निया म्हणतात. मी इतकी वर्षं लिंबू म्हणत होते.

बाई म्हणाल्या, “तुमच्या वहीत चार वेळा लिहिलंय, खोकल्यावर काही आढळले नाही.”

मी टेबलावरूनच म्हटलं, बाई, हे आजच आलंय, सकाळी नव्हतं.

“आजी, तुम्ही गप्प,” साहेब म्हणाले.

नात म्हणाली, “नाही मॅडम, चारही वेळा मी तिला नीट खोकायला लावलंच नाही. शेजारी ऐकतील म्हणून मी पुढे गेले. ते न बघता लिहिलं. चूक माझी आहे, आजीची नाही.” आणि कातरसाहेब ऐकत राहिले. चारही वाक्यं तिची पूर्ण होऊ दिली. मी मोजली.

त्यानंतर मात्र माझी जी बडदास्त ठेवली ती काय सांगू! मला उठून बसवलं, उभं केलं, पुन्हा आडवं केलं. साहेब फोनच्या इतके जवळ आले की नुसतं नाक दिसत होतं. मुलांना म्हणाले, पुस्तकातलं चित्र आहे हे, नीट बघून घ्या. सव्वीस पोरांनी माना लांब केल्या. मांजरवालीने मान उचलून दाखवा म्हटलं, मिशीवाल्याने किती वर्षं झाली विचारलं, मी म्हटलं सहा. (सोळा सांगितले असते तर नात तिथेच कोसळली असती.) एकीने तर आजी थँक्यू म्हटलं. धुलाईखान्यात बावीस वर्षांत मला कुणी थँक्यू म्हटलं नाही, आणि इथे झोपून खोकले तर म्हणाले! साहेबांनी निघताना हात जोडले. सगळे एकेक करून विझले, शेवटी नातीचं आणि माझं तोंड तेवढं उरलं. आणि मग ती मला जे बोलली ते इथे लिहीत नाही. बोलून झाल्यावर माझा पट्टा धुवायला घेऊन गेली, आणि नळ अर्धा तास चालू होता.

तर एकूण परीक्षा फार छान झाली. आपल्या दोघींची नात आहे, छानच होणार. तुम्हाला लगेच कळवावं म्हणून हे पत्र, बाकी विशेष काही नाही. गुडघ्यांना जपा, मनात राग ठेवू नका. लांब टेबल माझं असलं तरी नात तुमच्यावरच गेलीय, मला ठाऊक आहे. मी कधी अशी सगळ्यांसमोर आपली चूक सांगितली नसती.

तुमची विहीण

ता. क. छान झाली असं वर लिहिलंय ते पुसत नाही, पण पाच मार्क दिले नाहीत. बाई म्हणाल्या, पोरीने खरं सांगितलं म्हणून तिला पुन्हा संधी देते. सतरावी पायरी परत करून दाखवायची. पण पेशंट नवा हवा. ह्या घरातला नको, तिने आधी तपासलेला नको. कपाळाने आपलं पोट देऊ केलं, पण ते लांबून कसं चालेल. सोमवारपासून दुपारी दोन ते पाच चालत जायची मोकळीक झालीय, आणि तुमच्यापासून माझं घर दोनच गल्ल्या. टेबल मी पुसून ठेवते. समोरच्या खिडकीवालीची काळजी करू नका, मी दारावर कागद लावलाय, “येथे परीक्षेसाठी खोकले जाईल.” तिने वाचला, आणि खालच्या मजल्यावर जाऊन सगळ्यांना सांगितलाही.

ता. क. विहीणबाई, रागावू नका. मागच्या वर्षी नातीच्या वाढदिवसाला तुम्ही पोट धरून हसलात. सगळे पोट धरून हसले, पण बाकीच्यांनी दोन्ही हातांनी धरलं आणि तुम्ही एकाच हाताने, एकाच जागी. खुर्चीतून उठतानाही तिथेच हात. आणि तुमच्या मागच्या दोरीवर रुंद पट्टा वाळत होता, तो मी ओळखला, माझाही त्याच दुकानाचा. तेव्हा बोलले नाही, कारण बोलले असते तर मला माझंही सांगावं लागलं असतं. आता तुम्हीही नातीला काही सांगू नका. आडव्या व्हा, ती खोका म्हणाली की छाती भरून खोका, माझ्यासारखं खिक् करू नका. तिचं तिला सापडू दे.

ता. क. वर भीती-बीती मुळीच नाही असं लिहिलंय ते पुसलं तरी चालेल. साहेब म्हणाले, दवाखाना उघडला की टाके घालून घेऊ, एवढंसं काम आहे. त्यांना एवढंसं. मी नातीला हो म्हटलं आणि रोज सकाळी उठून नाही ठरवते. दोन खाटा शेजारी शेजारी मिळाल्या तर मी जाईन, एकटी जायची नाही. आणि तुम्हीही एकट्या जाणार नाही, माझ्याइतकी तुम्हाला ओळखणारी दुसरी आहे कोण. सगळेच्या सगळे पुन्हा येतो म्हणालेत, साहेब, परीक्षक बाई आणि सव्वीस मुलं, गुरुवारी दुपारी चार वाजता.